पट्ट्या चढवायचे दिवस

भातं पिवळी पडली, वाडीतल्या वाटेवरचं शेवाळ सुकून त्याचे पोपडे निघायला लागले, की आमच्याकडे पट्ट्या चढवायचे दिवस येतात. बाकीच्यांच्या घरी या दिवसांत गाद्या उन्हात पडतात, डबे घासले जातात. आमच्या घरीही ते होतं, पण सगळं नंतर. आधी गाडी.

गाडी म्हणजे बाबांची निळी. गोल दिव्यांची, चार दारांची, फुगीर मडगार्डांची. मी शाळेत शिकत असताना बाबांनी ती कुणाकडून तरी जुनी घेतली, म्हणजे तेव्हाच जुनी होती. आता रस्त्याला लागली की फिरायला आलेली माणसं आपली चकचकीत गाडी थांबवून हिचे फोटो काढतात. काढा बापडे.

यंदाचे दिवसही आले. डाव्या बाजूच्या पट्ट्या मी काल चढवल्या. उजव्या बाजूचं गाठोडं अजून पडवीच्या वाशाला टांगलेलं आहे आणि सकाळपासून मी त्याच्याखालून दहा वेळा गेले असेन. सोडवत नाही. ते बाबांच्या लुंगीचं आहे. या मे महिन्यात त्यांनी अंगावरची काढून दिली, आणि आषाढात बाबा गेले.

"ताई, राहू द्या ना यंदा," मुंबईहून आलेली माझी भावजय मनीषा म्हणाली. "वर्ष झालं नाही, आपल्याकडे सण नाही. गाडीला हार नाही, काही नाही. कुणासाठी सजवायची?"

तिचं चूक नाही. पण पट्ट्या चढवणं हा सण नव्हे, ते हंगामाचं काम आहे. भात कापायला कुणी सुतक पाळत बसत नाही. आणि नवीन माणसाला हे सगळं वेडेपणाचं वाटेल, म्हणून नीट सांगते.

आमचं घर मुरुडच्या अलीकडे, नारळ-सुपारीच्या वाडीत. तीन वाड्या ओलांडल्या की समुद्र. या वाऱ्यात लोखंड टिकत नाही. खिडकीचे गज, कुलपं, सायकली, सगळं पावसाळ्याच्या चार महिन्यांत तांबूस होऊन हातात येतं. बाबांनी त्यावर आपला इलाज काढला होता. मे संपता संपता निळीच्या अंगावरचं जेवढं चमकतं तेवढं उतरवायचं. दोन्ही बाजूंना दिव्यापासून डिकीपर्यंत जाणाऱ्या लांब पट्ट्या, दिव्यांच्या गोल कड्या, बॉनेटची मधली पट्टी. सगळ्याला ग्रीस चोपडायचं, जुन्या सुती कापडात गुंडाळायचं आणि पडवीतल्या चुलीची ऊब लागेल अशा बेताने वाशाला टांगायचं. दसऱ्याच्या आत पुन्हा चढवायचं. आई म्हणायची, "निळीचे दागिने उतरले, आता हिचं चार महिने माहेरपण." मग पावसाळाभर ती छपराखाली भुंडी उभी असायची, दारांवर भोकांची रांग, आणि बाबा येता-जाता तिच्याकडे बघायचे नाहीत. खरंच सांगते, नजर चुकवायचे.

डाव्या-उजव्या पट्ट्या दिसायला सारख्या, पण त्यांचा बाक वेगळा. गल्लत झाली की टोक दाराला चिकटत नाही. म्हणून डावीकडच्या पट्ट्या आईच्या साडीत आणि उजवीकडच्या बाबांच्या लुंगीत. गाडीत आई डावीकडे बसायची आणि बाबा उजवीकडे चालवायला, त्यावरून ठरलेलं. मला लहानपणी वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं असतं.

निळी भाड्याने जायची, पण तिचं खरं काम लग्नाचं. कोळीवाड्यातली नवरी असो, मोहल्ल्यातली असो नाहीतर शेतावरच्या गावातली, सासरी जायची ती निळीतून. कोळीवाड्यात तिला 'नवरीची गाडी' असंच म्हणतात. आमच्या शेजारच्या हिराबाय, ज्यांनी जन्मभर टोपलीतून मासळी विकली, त्या निळीतली पहिली नवरी. बाबांनी निम्म्या किनाऱ्याच्या पोरी पोहोचवल्या, फक्त स्वतःची तेवढी राहिली. मला लग्न करायचं नव्हतं, मी केलं नाही, शाळेत पोरं शिकवली आणि मजेत राहिले. यावर कुणी हळहळलं की माझं डोकं फिरतं. बाबा कधी हळहळले नाहीत, निदान माझ्यासमोर तरी नाही.

आता तीन वर्षांपूर्वीचा तो हंगाम.

त्या वर्षी मी निवृत्त झाले. शाळेतून सुटलेल्या बाईच्या हातात मोकळा मे महिना आला की काय होतं, ते आमच्या घराने भोगलं. मी माळा झाडला, फडताळं उपसली, आईच्या वेळच्या बरण्या उन्हात मांडल्या. आईला जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. बाबांना काचबिंदू. एक डोळा गेलेला, दुसऱ्याने उजेड-सावली तेवढी कळायची. ते डोळ्यांच्या तपासणीसाठी थळला आत्याकडे आठ दिवस गेले होते. जाण्याआधी त्यांनी पट्ट्या स्वतःच्या हाताने उतरवून, ग्रीस लावून, गुंडाळून ठेवल्या होत्या. फक्त टांगायचं बाकी होतं.

मी ती गाठोडी पाहिली आणि मला किळस आली. ती साडी, ती लुंगी! ग्रीसने काळी-मिट्ट, ताठ, नुसतं बोट लावलं तरी हात धुवावा लागेल अशी. माझ्यातली शाळेतली बाई जागी झाली. मी गाठोडी सोडली, पट्ट्या फडक्याने लख्ख पुसल्या, ग्रीसचा टिपूसही ठेवला नाही, आणि साडी-लुंगी सोडा घालून उकळत्या पाण्यात टाकली. चार पाण्यांतून काढली. साडी हिरवी होती हे मला त्या दिवशी कळलं. वाऱ्यावर दोन तासांत कडकडीत वाळली. घडी घातली, पट्ट्या गुंडाळल्या, टांगल्या. स्वतःवर इतकी खूश होते की संध्याकाळी भजी केली.

पाणी कुठलं वापरलं? विहिरीचं. नळाला तेव्हा एक दिवसाआड पाणी होतं.

इथल्या वाचकाने एव्हाना कपाळावर हात मारला असेल. मे महिन्यात आमच्या विहिरी खाली जातात आणि समुद्र आत शिरतो. पाणी मचूळ होतं, डाळ शिजत नाही, चहा फाटतो. त्या पाण्यात धुतलेलं कापड वाळलं तरी मीठ धाग्यात राहतं, आणि पावसाळी हवा लागली की पुन्हा ओलं होतं. हे आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. मीसुद्धा माझे परकर मे महिन्यात त्या पाण्यात धूत नाही. पण पट्ट्यांच्या कापडाचा परकराशी काय संबंध, असं माझ्या डोक्याने परस्पर ठरवलं होतं.

त्या वर्षी हिराबायच्या नातीचं, सायलीचं, लग्न तुळशीच्या लग्नानंतर लगेच ठरलं होतं. हिराबाय घटस्थापनेलाच येऊन बसल्या. "काय गो सुमन, आमचे पोरीची गाडी कवा सजतंय? मी गेलू, पोरगी गेली, आता नात. तिगी एकाच गाडीन."

"दसऱ्याला सजते, हिराबाय," मी म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी डावं गाठोडं सोडलं.

कापड गार होतं. ओलं नव्हे, पण हाताला चिकटणारं. आणि आतली पट्टी! अख्ख्या लांबीवर बारीक-बारीक ठिपके, कुठे पांढरट, कुठे तांबूस. मी दुसरी काढली. तीही तशीच. उजवं गाठोडं सोडलं. तेही तसंच. मी तिथेच उंबऱ्यावर बसले आणि पहिला विचार काय आला असेल? की बाबांना दिसत नाही, बरं झालं. लाज वाटते लिहायला, पण आला.

दोन दिवस मी लपवलं. गोठ्यामागे बसून पट्ट्या राखेने घासल्या, रॉकेलने घासल्या, चिंचेने घासल्या. तांबूसपणा गेला, खड्डे राहिले. बाबा पडवीतून विचारत, "सुमे, गाठोडी खाली घेतलीस काय?" मी म्हणे, "घेते हो, घाई काय आहे?" चाळीस वर्षं पोरांच्या थापा पकडलेली बाई मी. माझी थाप मलाच ऐकू येत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी विहिरीवरून आले तर बाबा पडवीत मांडी घालून बसलेले आणि पुढ्यात डावं गाठोडं. चाचपडत गोठ्यामागे जाऊन त्यांनी स्वतःच आणलं होतं. पट्टी मांडीवर आडवी घेऊन ते अंगठ्याचं नख टोकापासून टोकापर्यंत फिरवत होते. नख अडकत होतं. खर्र, खर्र. मला तो आवाज दारातून ऐकू आला.

मग त्यांनी साडीचा पदर चिमटीत धरला, चुरगळला, आणि ते बोट जिभेला लावलं.

"खारं हाय," ते म्हणाले. "मे महिन्यात धुतलंस?"

"हो."

"हिरीच्या पान्यात?"

"हो, बाबा."

मी ओरडा खायला तयार होते. खरं तर वाटच बघत होते. ओरडले की मोकळं होता येतं. पण त्यांनी ती साडी गोळा करून दोन्ही हातांनी तोंडाजवळ नेली आणि श्वास घेतला. मग घडी उलटून दुसऱ्या बाजूने घेतला. मग पदर शोधला, तिथे घेतला. किती वेळ, कोण जाणे. मी तशीच उभी, हातात कळशी.

"पट्ट्या मी नव्या करून आणते," मला राहवेना. "अलिबागला नाहीतर पनवेलला कुणीतरी मुलामा देतच असेल. उद्याच्या एसटीने जाते. तुम्ही एवढं..."

"पट्ट्यांचं कोन बोलतंय," बाबा म्हणाले. आणि साडी तिथेच ठेवून, काठी न घेता, भिंतीला हात लावत आत निघून गेले.

तेव्हा मला कळलं. म्हणजे डोक्याला कळलं. ती साडी आईने आजारी पडायच्या आधीच्या मे महिन्यात अंगावरून काढून दिली होती. तिच्यात ग्रीस होतं, चुलीचा धूर होता, आणि त्या सगळ्याखाली कुठेतरी आईचं खोबरेल आणि हिंग. दर दसऱ्याला बाबा डावं गाठोडं सोडून बराच वेळ पाठमोरे बसत. मला वाटे, पट्ट्या तपासतायत. नऊ वर्षं मी त्या पाठीमागून चहाचा कप ठेवून गेले होते. नऊ वर्षांनी खरंच वास राहिला असेल की त्यांना तसं वाटत असेल, मला माहीत नाही. पण जे काही होतं ते मी सोड्यात उकळलं. पट्ट्यांना मुलामा चढतो. या नुकसानीवर मला इलाज सुचेना, आणि इलाज न सुचणं हे मला आयुष्यात फारसं जमलेलं नाही. मी मागच्या दारी जाऊन मनसोक्त रडले.

बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जेवले, पण बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी हिराबाय आल्या. पडवीत पसरलेल्या पट्ट्या त्यांनी पाहिल्या, एक उचलून उन्हात धरली.

"ह्यो काय गो?"

मी सगळं सांगितलं. बाबांच्या समोरच सांगितलं. हिराबाय पट्टी आपल्या गालाशी धरून म्हणाल्या, "माजे तोंडावर बग. देवीचे वण. लगीन ठरताना लोकांनी किती नाकं मुरडली. तुजे बापानी मना ह्याच गाडीन न्हेली, ऐटीत. वण हायत म्हनून नवरी जायाची थांबतंय काय? पुरे करा आता दोगा. लावा त्या पट्ट्या. आमचे पोरीला हीच गाडी पायजे."

बाबा हसले. दोन दिवसांनी हसले. "सुमे," म्हणाले, "लाकडाचा ठोकळा आन. आनि ग्रीस."

त्यांना दिसत नव्हतं आणि बोटांना कंप होता. पट्टीमागच्या क्लिपा दाराच्या भोकांत मला बसवायच्या होत्या. मी यात अगदी ढ. पहिलीच पट्टी मी पुढच्या टोकापासून दाबत निघाले आणि मागचं टोक भोकाच्या दोन बोटं वर गेलं.

"टोकापासून न्हाय. मधनं सुरू कर. मधली बसली की दोन्ही टोकं आपसूक जागेवर येतात. मास्तरीण हायस ना? घाई कसली?"

दाराच्या प्रत्येक भोकात आधी बोटभर ग्रीस, पाणी आत जाऊ नये म्हणून. मग पट्टी लावायची, मधल्या क्लिपेवर तळहाताचा गादीचा भाग ठेवायचा आणि अंगाचा भार द्यायचा. हातोडी नाही. अगदीच हट्टी असली तर ठोकळा ठेवून त्यावर एक टिचकी. क्लिप बसली की आतून 'टक' आवाज येतो. बाबा बाजूला स्टुलावर, कान देऊन. "बसली." "ही न्हाय बसली, पुन्ना दाब." "ही बसली." अख्खी डावी बाजू त्यांनी कानांनी लावून घेतली. शेवटी उठून त्यांनी पुढच्या दाराच्या पट्टीवरून मागच्या दाराच्या पट्टीवर अंगठ्याचं नख ओढलं. मध्ये फट येते, तिथे नख वर-खाली झालं नाही. एका रेषेत गेलं.

"जमलं," ते म्हणाले. मला माझ्या अख्ख्या नोकरीत कुठल्या साहेबाने केलेलं कौतुक आठवत नाही, हे आठवतं.

सायली त्याच गाडीतून गेली. प्रकाश, माझा भाऊ, मुंबईहून रजा काढून आला होता, त्याने चालवली. बाबा पुढे डावीकडे, आईच्या जागेवर बसले. काचेवर फुलांच्या माळा, मागे हिराबायची नात रडून-रडून लाल, आणि बाजूला ठिपकेवाल्या पट्ट्या. लांबून दिसतही नव्हते ठिपके. जवळून पाहणाऱ्याला त्या दिवशी पाहायला दुसरं बरंच होतं.

पुढच्या मे महिन्यात पट्ट्या उतरवून झाल्यावर बाबा म्हणाले, "सुमे, एक साडी दे."

मी कपाटातली जुनी, मऊ झालेली, स्वच्छ साडी आणून दिली. त्यांनी ती हातात घेतली, नाकाशी नेली आणि परत केली. "कपाटातली न्हाय. अंगावरची दे."

"इश्श, काय हे बाबा! दिवसभर घामाची आहे. सकाळपासून चुलीपाशी होते."

"तीच."

मी चिडले. आधी चिडले, मग आत जाऊन साडी बदलली आणि ती त्यांच्या हातात दिली, मान दुसरीकडे वळवून. त्यांनी डाव्या पट्ट्यांना ग्रीस लावलं आणि माझ्या साडीत गुंडाळल्या. डावीकडे मी त्या गाडीत कधीच बसले नव्हते, नेहमी मागे. ग्रीसच्या हातांनीच आम्ही चहा प्यायलो.

तेव्हापासून दर मे महिन्यात तसंच. एक माझी साडी, एक त्यांची लुंगी, दोन्ही अंगावरच्या. बाबा दसऱ्याला गाठोडी हुंगून सांगत, "ही डावी. ही माजी." यंदाच्या मे महिन्यात त्यांना पडवीपर्यंत येववत नव्हतं. लुंगी त्यांनी खाटेवरूनच दिली आणि वर म्हणाले, "पानी लावू नको."

म्हणून हे गाठोडं. सोडलं की हवा लागणार, आणि हवा लागली की जे आहे ते थोडं-थोडं जाणार. न सोडलं तर निळी एका बाजूने सजलेली आणि एका बाजूने भुंडी. मी गाडीच्या पुढे उभी राहून पाहिलं. फार वाईट दिसत होती. बाबा असते तर म्हणाले असते, नवरी काय अर्ध्या गाडीतून जाईल?

मी स्टूल घेतलं आणि गाठोडं उतरवलं.

गाठ त्यांचीच होती, घट्ट. दातांनी सोडवली. आधी ग्रीसचा भपकारा आला. मग तपकीर. मग ते कडू तेल, जे ते गुडघ्यांना चोळायचे. आणि मग नुसते बाबा. मी लुंगीत तोंड खुपसून पाठमोरी बसले. मागे कुणीतरी चहाचा कप ठेवल्याचा आवाज झाला आणि पावलं परत गेली. मनीषाची. नऊ वर्षं मी जे केलं तेच ती करत होती, आणि मी मान वळवली नाही.

पट्ट्या लावल्या. मधून सुरुवात केली. कान देऊन. शेवटची 'टक' झाली तेव्हा मी मोठ्याने "बसली" म्हटलं, कारण म्हणायला दुसरं कुणी नव्हतं. नख ओढलं. एका रेषेत गेलं.

हात धुऊन परत आले तर मनीषा पडवीत उभी, लुंगी तिच्या हातावर. खाऱ्या पाण्याचा किस्सा तेवढा तिला ठाऊक होता; फार मायेने, अगदी समजावून सांगावं तसं ती म्हणाली, "ताई, ही धुवायला टाकते हं. घाबरू नका, मे महिना नाही हा. विहिरीचं पाणी आता गोड झालंय."

मी तिच्या हातातून लुंगी काढून घेतली. घडी घातली, बाबांसारखीच घट्ट गाठ मारली, स्टुलावर चढले आणि रिकामं गाठोडं वाशाला टांगलं.

"पाण्याचं कोण बोलतंय," मी म्हणाले, आणि तिला शेजारी बसवून पहिल्यापासून सगळं सांगितलं.